आईने सोडलेली दारू

आमच्या घरात दारू प्यायले बाबा आणि सोडली आईने. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माझं वाक्य दुरुस्त करायला जातो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. घडलं तसंच सांगते आहे.

पनवेलजवळच्या कोन गावात आमचं घर होतं. शेती रस्त्याला गेली, तिच्या बदल्यात स्लॅबचं घर आलं आणि बाबांचा टेम्पो आला. टेम्पोतून ते नव्या इमारतींना विटा आणि मुरूम पोचवायचे. रस्त्याची घरघर आमच्या घरात पाण्याच्या आवाजासारखी चोवीस तास चालू असायची. पाहुणे आले की ते विचारायचे, हा कसला आवाज? आणि आम्ही विचारायचो, कसला? स्वयंपाकघरात टाइल्स होत्या, गॅस होता, पण आई भाकऱ्या मागच्या अंगणात चुलीवरच थापायची. तांदळाच्या भाकरीची थपथप, भाजत्या सुकटाचा वास आणि पातेल्यात भिजत पडलेले वाल, एवढ्यावर मला आजही ते अख्खं घर उभं करता येतं. बाकी मी एकुलती एक, पनवेलच्या कॉलेजात जाणारी, आणि घरात शिकलेली म्हणून सगळ्या सरकारी आणि बिनसरकारी अडचणी माझ्याच गळ्यात.

बाबा प्यायल्यावर कुणाला मारत नसत, शिव्या देत नसत. ते दान करत. एकदा आमचा प्रेशर कुकर त्यांनी आतल्या डाळभातासकट एका बांधकामावरच्या रखवालदाराला देऊन टाकला, कारण त्याची बायको गावी होती. एकदा नाक्यावर उभं राहून त्यांनी दुपारभर वाहतूक सांभाळली, आणि ट्रकवाले त्यांचं ऐकत होते. गावात या गोष्टी रंगवून सांगितल्या जायच्या. आम्हीही हसायचो. आई हसता हसता उठायची, खुंटीवरची टेम्पोची किल्ली काढायची आणि तांदळाच्या डब्यात खुपसायची. पुढे पुढे बाबांना सकाळीच लागायला लागली. दाढी करताना हात इतका कापायचा की ते अर्धी दाढी ठेवूनच कामावर निघायचे. तेव्हाही लोक हसायचे. आई तेवढी हसायची थांबली होती.

आधी तिने पावडर आणली. एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात होती, पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. आईने ती जवळ्याच्या कालवणात घातली. त्या दिवशी नेमके बाबा बाहेर जेवले आणि माझा मामा बायकोमुलांना घेऊन न कळवता आला. कालवण चविष्ट झालं होतं, मामाने दोनदा मागून घेतलं. संध्याकाळी बाबा आले तेव्हा आम्ही सगळे संडासाबाहेर रांगेत उभे होतो. बाबांनी प्रत्येकाकडे कळवळून पाहिलं आणि भिंतीला धरून म्हणाले, "मानसाचा खान्यापिन्यावर ताबा पायजे."

मग उरणच्या बाजूचं ते लग्न झालं. आईच्या मावसबहिणीच्या मुलीचं. मला परीक्षा होती म्हणून मी घरी होते. दिवेलागणीच्या सुमारास टेम्पो आला, बाबा उतरून सरळ पलंगावर जाऊन आडवे झाले. मी आईला उतरवायला गेले तर पुढच्या सीटवर हिरव्या नऊवारीतली एक म्हातारी बसलेली. मांडीवर अक्षतांची पिशवी. आईनेही हिरवंच नेसलं होतं. मी विचारलं, तुम्ही कोण? तिला ऐकू कमी येत होतं. ती म्हणाली, हो, जेवण चांगलं होतं. मी तिला आत आणलं, चहा दिला, भाकरी दिली. तिला वाटत होतं की बाबा तिच्या जावयाने पाठवलेले ड्रायव्हर आहेत. फार सांभाळून आणलं, असं ती सांगत राहिली. मी मात्र तो रस्ता डोळ्यांपुढे आणत होते, त्यावरचे कंटेनर आणि त्यांच्या मधून बायको कोण हेही न ओळखणारा माणूस टेम्पो हाकतो आहे. त्या रस्त्यावर रोज कुणी ना कुणी जिवानिशी जात असे.

आई दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने आली. तिने म्हातारीला समोर बसवलं. तिची वेणी घातली, तिला घेऊन उलट्या एसटीने उरणला गेली, तिला तिच्या माणसांत सोडून दुपारी परतली. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "कालिजात जातंस ना? मंग शोद कायतरी. पावडर नको."

मी एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दर रविवारी दुपारी पनवेलमध्ये बाजाराच्या मागे एका बालवाडीत दारू सोडणाऱ्यांची सभा भरते. पैसे नाहीत, नाव लिहीत नाहीत, फक्त पिणाऱ्याने स्वतः यायचं. मी बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला काय आजार आहे का म्हणून विचारलं आणि उत्तर यायच्या आत झोपले. तेव्हा आई म्हणाली, चल, आपण जाऊ. मला वाटलं, तिला आधी चौकशी करायची असेल.

बालवाडी सापडेना. दारूवाले कुठे जमतात असं विचारलं की लोक फार आपुलकीने रस्ता दाखवायचे, आणि आम्ही दर वेळी एखाद्या बारच्या दारात पोचायचो. एकाने तर एसी पाहिजे की साधा, असंही विचारलं. शेवटी एका रिक्षावाल्याला मी आवाज खाली आणून सांगितलं, पिणाऱ्यांची नको, सोडणाऱ्यांची. त्याने मीटर टाकलं नाही. दोन गल्ल्या फिरवून एका बैठ्या इमारतीपुढे रिक्षा लावली, किल्ली काढून खिशात घातली आणि आमच्याबरोबर आत आला. हे सलीमभाई. तेही तिथेच निघाले होते.

खोलीत बालवाडीची बाकं होती, वीतभर उंचीची. त्यांवर मोठाले पुरुष गुडघे छातीशी घेऊन बसले होते. भिंतीवर फळांचा तक्ता, प्राण्यांचा तक्ता आणि 'माझे शरीर' असं लिहिलेला एक हसरा मुलगा. समोर विनायकराव बसले होते, खारघरला राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट. आई आणि मी सोडून बाई एकही नव्हती. विनायकरावांनी आम्हाला नमस्कार केला आणि सांगितलं की इथे फक्त पहिलं नाव सांगायचं, आणि मी दारुडा आहे हे आपल्या तोंडाने म्हणायचं. तिथूनच सुरुवात होते. एकेक माणूस उठून म्हणू लागला. मी आईला कुजबुजून सांगणार होते की आपण शेवटी त्यांना बाजूला घेऊन विचारू. तेवढ्यात आई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"मी मथुरा," ती म्हणाली. "मी दारू पिते."

सगळे एका सुरात म्हणाले, "नमस्कार, मथुरा." मी तिचा पदर ओढला तर तिने माझ्या हातावर चापट मारली. तिने जे केलं त्यात तिच्या दृष्टीने काहीच वावगं नव्हतं, हे मला परतीच्या वाटेवर समजलं. बाबांसाठी ती सोमवार धरत होती. बाबांचा टेम्पो चालावा म्हणून ती कार्ल्याच्या डोंगरावर देवीला अनवाणी जाऊन आली होती. नवऱ्यासाठी बायको जेवण सोडू शकते तर दारू का नाही सोडू शकत? पिणाऱ्याने नाव सांगायचं होतं, आणि नवऱ्याचं नाव ती जन्मात घेणार नव्हती, म्हणून तिने आपलं सांगितलं. मी म्हणाले, अगं पण ते खोटं आहे. ती म्हणाली, देवीला ठाऊक आहे की उपास कुणासाठी आहे.

त्या दिवशी ती किती तरी वेळ बोलली. बाबांनी केलेलं सगळं तिने 'मी' लावून सांगितलं. मी कुकर देऊन टाकला. मी नाक्यावर उभी राहून गाड्या हाकल्या. माझे हात कापतात, सकाळी दाढी, इथे ती जरा अडखळली आणि म्हणाली, सकाळी काहीच धड होत नाही. मी लग्नाला गेले, आपलं माणूस तिथेच सोडलं आणि टेम्पोत भलत्यालाच घालून घरी आले. बाकांवरचे पुरुष कापसाच्या बोळ्यासारखे मऊ होऊन ऐकत होते. सलीमभाईंनी रुमाल काढला. तिचं संपल्यावर टाळ्या झाल्या. माझ्या आईसाठी याआधी कुणी टाळ्या वाजवल्या असतील असं मला वाटत नाही. ती लाजली, आणि बसताना तिच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

पुढच्या रविवारी मी विनायकरावांना बाजूला घेतलं आणि खरं सांगितलं, की आई पीत नाही, ती वडिलांसाठी येते. त्यांनी चष्मा काढला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळ, सुरुवातीला सगळे दुसऱ्यासाठीच येतात. मीही भावासाठी आलो होतो." मी आणखी समजावायला गेले की ते आणखी दुःखी होत. तेव्हा मी नाद सोडला. आई दर रविवारी जाऊ लागली. महिनाभराने तिला बिल्ला मिळाला, केक कापला गेला. महिनाभर दारूला स्पर्श नाही, हे तर खरंच होतं. आईने बिल्ला देवघरात देवांच्या टाकांशेजारी ठेवला आणि रोज त्याला हळदकुंकू वाहू लागली. बाबांनी विचारलं, हा कुठला देव? ती म्हणाली, तुमचाच. बाबांनी नमस्कार केला आणि प्यायला गेले.

बातमी फोडली पद्मनकाकाने. हा बाबांचा मित्र, त्यांच्याबरोबर बसणारा. त्याचा मेहुणा कधी काळी त्या सभेला जायचा, म्हणून त्याला ती खोली ठाऊक होती, आणि त्याने आईला आत शिरताना पाहिलं. दोन दिवसांत अख्ख्या कोनमध्ये झालं की बाळारामची बायको पिते. बायका साखर मागायला यायच्या आणि आईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलायच्या. एका हळदीत एका काकूने तिला कोपऱ्यात नेलं, पदराखालून ग्लास काढला आणि म्हणाली, घे गो, आमाना ठाव हाय, लाजू नको. पुरुषांना बाबांची दया आली. असली बायको पदरात पडल्यावर बिचारा पिणार नाही तर काय, म्हणून जो तो त्यांना पाजू लागला. बाबांचे ते दिवस फार सुखाचे गेले.

मग माझं स्थळ मोडलं. पनवेलचे लोक होते, बघून गेले होते, मुलगा मला बरा वाटला होता. वडील पितात हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नव्हते. वडील कुणाचे पीत नाहीत? पण आई पिते म्हटल्यावर त्यांनी निरोप धाडला. आज मला त्या मुलाचं नाक कसं होतं तेही आठवत नाही. तेव्हा मात्र मी अंगणात बसून रडले, आणि बाबांनी ते पाहिलं.

त्यांनी आईला सांगितलं की उद्यापासून तिथे जाणं बंद. आईने भाकरी उलटली आणि म्हणाली, मधेच सोडलं तर मोडतं. बाबा म्हणाले, मग त्यांना तरी सांग की तू पीत नाहीस. ती म्हणाली, पोरीने सांगून पाहिलं, ते मानत नाहीत. बाबा येरझारा घालत राहिले. शेवटी रविवारी मीच येतो आणि बघतो कसे मानत नाहीत, असं म्हणाले. आणि त्या रविवारी सकाळपासून ते प्यायले नाहीत. त्यांचा हिशेब सरळ होता. तोंडाला वास आला तर त्यांचं कोण ऐकणार? त्यांनी आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला. जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांना दरदरून घाम फुटला होता. दोनदा ओकले. आई म्हणाली, राहू द्या, पुढच्या रविवारी जाऊ. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. जाताना रिक्षात ते आमच्या दोघींच्या मध्ये बसले होते आणि त्यांच्या अंगाची थरथर मला माझ्या खांद्यात जाणवत होती.

बाबा आयुष्यभर ग्रामसभेत बोललेले. बालवाडीत ते उभे राहिले तेही तसेच, अध्यक्षमहाराज आणि जमलेल्या बंधूंनो, अशी सुरुवात करून. ही माझी बायको, ते म्हणाले, हिने जन्मात दारूला हात लावलेला नाही. विनायकराव हळुवारपणे म्हणाले की घरच्यांना हे मान्य करायला वेळ लागतो. माझी बायकोही माझ्यासाठी अशीच खोटं बोलायची, ते म्हणाले. बाबा गोंधळले. त्यांनी पुरावा काढला. म्हणाले, अहो, हिला सायकल येत नाही, ही टेम्पो कशी चालवेल? त्यावर सलीमभाई कळवळून म्हणाले, "तेच तर! न येता चालवला. अल्लाचं करम म्हणून वाचली बिचारी."

कुणीतरी बाबांच्या हातात चहाचा कप दिला आणि त्यांना बसायला सांगितलं. ते वीतभर बाकावर बसले, गुडघे वर आले. कप बशीत वाजायला लागला. चहा बशीत, बशीतून पांढऱ्या शर्टावर. खोलीतले सगळे पुरुष त्या हातांकडे पाहत होते. ते हात त्यांच्या ओळखीचे होते. बाबांनी कप खाली ठेवला आणि हात मांड्यांमध्ये दाबून धरले. मग त्यांनी आईकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली होती. बाबा पुन्हा उठायला गेले, बाकात अडकले, आणि मग अर्धवट उठलेल्या अवस्थेतच बोलले.

"टेम्पो मी चालवला. हिला लग्नात सोडून आलो तो मी. कुकर दिला तो मी. हिनं इतं जे जे सांगितलंय ना, ते सगलं माजं हाय. ही नाय पीत. मी पितो."

बाहेर बाजारात कुणीतरी भाजीचा भाव ओरडत होतं, तेवढंच. विनायकराव उठले. आपण किती तरी रविवार एका न पिणाऱ्या बाईला दारू न पिण्याबद्दल शाबासकी दिली, हे त्यांच्या ध्यानात येत होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण सभा चालवण्याची सवय मोठी असते. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि आपलं नाव?"

"बाळाराम."

"नमस्कार, बाळाराम," सगळे म्हणाले. बाबांनी मत मागायला आलेल्या माणसासारखे चहूबाजूंना हात जोडले. मग मोठं काम उरकल्यासारखे म्हणाले, आता गावात कळवा की ही पीत नाही. विनायकरावांनी समजावलं की तसं करता येत नाही. इथे बोललेलं इथेच राहतं, तो इथला पहिला नियम आहे. बाबांनी जोडलेले हात सोडले.

"म्हंजे मी फुकट बोललो?"

"फुकट नाय," आई म्हणाली. त्या सभेत ती तेवढंच बोलली.

पुढच्या रविवारी बाबा पुन्हा गेले, या नियमावर भांडायला. भांडायला जायचं तर शुद्धीत जावं लागे, म्हणून रविवार कोरडा गेला. मग त्यांना वाटलं की शनिवारची उतरत नाही, मुद्दे सुचत नाहीत, म्हणून शनिवार. असे ते बरेच दिवस भांडत राहिले. होळीला घसरले, गणपतीत घसरले, एकदा तर चांगले दोन महिने घसरून पडून होते आणि सलीमभाई रोज संध्याकाळी रिक्षा घेऊन आमच्या अंगणात येऊन नुसते बसत. एकदम चमत्कार व्हावा तसं काही झालं नाही. पण एक वर्ष असं आलं की तेव्हापासून ते प्यायले नाहीत, आणि दान करायची त्यांची सवय मात्र तशीच राहिली, तेव्हा आम्हाला कळलं की ती दारूची नव्हती.

आईचं तिथलं काम संपलं होतं. विनायकरावांनी तिला खारघरला पिणाऱ्यांच्या बायकांचा वेगळा गट भरतो तिथे पाठवलं. ती एकदाच गेली. म्हणाली, तिथे सगळ्या नवऱ्याबद्दलच बोलतात. मला तेव्हा हसू आलं होतं. आता ते वाक्य आठवलं की येत नाही.

गावात मात्र ती पिऊन सोडलेली बाई म्हणूनच राहिली. सांगणार कोण, आणि सांगितलं तर ऐकणार कोण? माझं पुढे दुसरीकडे जमलं, त्या लोकांना तर तिचा केवढा आदर. पण ते नंतरचं. त्याआधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. भर दुपारी आमच्या दारात बाई आल्या, मला प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. ताठ कणा, कडक सुती साडी, गावाच्या बाहेरून येणाऱ्या, कुणाकडे कधी न जाणाऱ्या. त्यांना पाहून माझे हात आपोआप मागे गेले. आईने पाणी दिलं. बाईंनी उन्हाबद्दल विचारलं, माझ्या कॉलेजबद्दल विचारलं. मग मला आत जायला न सांगताच त्या आईला म्हणाल्या, "तुम्ही कशी सोडली?"

आईने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती आणि ते सांगितलं असतं तर बाई तशाच उठून उन्हात निघून गेल्या असत्या, पुन्हा कुणाच्याही दारात न जाण्यासाठी. आई उठली. खुंटीवरची चांगली साडी काढली. म्हणाली, "आज रविवार हाय. चला, मी येते तुमच्यासंगं."

मीही गेले. बाबा पुढे पुरुषांमध्ये बसले होते, त्यांनी आईला पाहिलं आणि एक बाक आमच्याकडे सरकवलं. बाई त्या बुटक्या बाकावर आईशेजारी बसल्या. आयुष्यभर अशाच बाकांपुढे उभं राहून त्यांनी आम्हाला खणखणीत आवाजात पाढे म्हणायला लावले होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्या उठल्या आणि आवाजच फुटेना. सगळे थांबले. आईने त्यांचं बोट धरलं होतं. इतकी वर्षं आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणत आलो होतो, त्यांना आणखी काही नाव असेल असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. खाली मान घालून, पहिलीतल्या पोरीच्या आवाजात त्यांनी आपलं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. पण नाव फार सुंदर होतं.